पहिल्या हाकेला ओ

आमच्या मालवणात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दारात कुणी हाक मारली की घरातलं माणूस हातातलं काम तसंच धरून गप्प राहतं. दुसरी हाक येते. तिसरी आली की मग आतून आवाज जातो, "इलंय गो, इलंय," म्हणजे "आले गं, आले." नवखा कुरिअरवाला घरात कुणी नाही असं समजून निघून जातो. जुना मात्र तीनदा हाक मारल्याशिवाय फाटकावरून हलत नाही.

मी बेळगावहून लग्न होऊन इथे आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात परसातून हाक आली आणि मी "ओ, आले" म्हणत उठले. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या पणजीने, माझं मनगट धरून मला खाली बसवलं. "माणूस असात तर परत मारीत," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी वाट बघत बसलो. दुसरी हाक आली नाही. त्यांनी पुढे काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. पानात मीठ डावीकडे वाढतात तशी ही या घरची एक रीत, असं समजून मी ती पाळत आले. पुढे शाळेत शिकवायला लागल्यावर हजेरी घेताना काही मुलं नाव घेतलं तरी गप्प बसायची. त्यांना मी उगाच रागावले, हे मला फार उशिरा कळलं.

आता जे सांगते ते गेल्या माघातलं आहे. तुमच्या बाबांना ते दुसऱ्यांकडून कळलं, आणि अर्धवट कळलं. तुम्हाला मी पहिल्यापासून क्रमाने सांगते.

आम्ही तिघी मैत्रिणी, हे तुम्हाला फोटोंवरून माहीत आहे. उंच, केस कापलेली, काळा चष्मा लावणारी आहे ती ओरोसच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाली. स्वतः गाडी चालवते. तिला आम्ही सायबीण म्हणतो. मला त्या दोघी मास्तरीण म्हणतात. तिसरी काकू. तिने नवऱ्याच्या मागे खानावळ चालवून मुलीला शिकवलं. गावातले बँकवाले, शिक्षक, कंडक्टर सगळे तिच्याकडे जेवले आणि सगळे तिला काकू म्हणाले, म्हणून आम्हीही काकूच म्हणतो, जरी ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. आता खानावळ बंद आहे. ती एकटी राहते. मुलगी बडोद्याला असते.

त्या मुलीचा मला फोन आला. "मावशी, आई कुणाला ओ देते?" तिने विचारलं.

मला कळेना. ती म्हणाली, "मी फोनवर बोलत असते आणि आई मध्येच 'इलंय' म्हणते. मी विचारते कोण आलंय, तर म्हणते कोण नाय. आधी आठवड्यातून एकदा व्हायचं. आता रोज होतं, दुपारीच. मला भीती वाटते हो. घराला कुलूप लावून मार्चमध्ये तिला इकडे घेऊन यावं असं मनात आहे. पण ती माझं ऐकायची नाही, आणि डॉक्टरकडे चल म्हटलं तर फोन ठेवते. तुम्ही रविवारपर्यंत तिच्यावर जरा लक्ष ठेवा. तुम्ही सांगाल तसं करीन."

मी बरं म्हटलं. माझ्या एका शब्दावर कुणाचं घर राहणार की जाणार हे ठरावं, असं याआधी कधी झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात आमची सहल ठरलेली होती. आचऱ्याच्या पुढे खाडीच्या काठाला सायबिणीच्या भावाची माडांची बाग आहे. भाऊ मुंबईला असतो, बागेतलं घर बंद असतं. आम्ही दरवर्षी एकदा तिथे डबे घेऊन जातो. सकाळी दहाला निघालो. सायबीण चालवत होती, मी तिच्या शेजारी, काकू मागे डब्यांबरोबर.

"मास्तरणी, पट्टो लाव," सायबीण म्हणाली. "नायतर पोलीस तुका इंग्लिशमधून दंड मारतलो."

"मराठीतून मारला तरी चालेल," मी म्हटलं.

"आयकलंस गो काकू? 'चालेल' म्हणता. पन्नास वर्सां बांगडे खाल्ल्यान, तरी तोंडातसून अजून बेळगावचो कुंदोच गळता."

काकू मागून हसली. "गळांदे. तिची कढी माका आवडता. फक्त तिका कढी म्हणाची नाय, सूप म्हणाचा."

मग सायबीण तिच्या युरोपच्या सहलीवर आली. ती गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली आहे आणि दर वेळी तिच्यात नवीन काहीतरी असतं. "स्वित्झर्लंडाक बर्फ बघलंय. येवढा बर्फ, येवढा बर्फ! आणि त्याच्यात एक बांगडो नाय. मगे त्या बर्फाचो उपेग काय?"

"तू तिथे त्यांच्याशी बोलायचीस कोणत्या भाषेत?" मी विचारलं.

"मालवणीत. जोरात बोल्ला की समाजता सगळ्यांका. आणि इंग्लिश बोलून तरी काय होता? गोव्यासून येताना इन्सुलीच्या नाक्यावर दारू शोधूक गाडी थांबवल्यानी, तेव्हा माझ्या हातात आगळाची बाटली. मी पोलिसाक म्हटलंय, 'कोकम ज्यूस, कोकम ज्यूस.' तो काय ऐकता? बूच काढल्यान आणि मोठ्ठो वास घेतल्यान. बिचारो शिंकता, शिंकता, शिंकता. शेवटाक हात जोडून म्हणता, 'जावा बाई, जावा.'"

काकूच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मी आरशात तिच्याकडे बघत होते. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "चेडू माका बडोद्याक बोलावता. थंय आमटेत गूळ घालतत. शिजत्या माशाचो वास इलो तर शेजारी दार लावतत. काय करू मी थंय? हयच बरी आसंय."

हे बोलून झालं आणि तिने मान खिडकीकडे वळवली. कापणी झालेलं भाताचं मोकळं शेत मागे जात होतं. त्यात माणूस नव्हतं, गुरंही नव्हती.

"इलंय," काकू त्या शेताला म्हणाली.

अगदी सहज, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत म्हणावं तसं. सायबीण गिअर बदलत होती. तिने ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

बागेत पोचल्यावर बंद घराच्या ओसरीसमोर सावलीत चटई टाकली. काकूने डबे उघडले. वडे, कोंबडीची सागोती, सोलकढी, आणि माझ्यासाठी मुद्दाम केलेल्या खापरोळ्या, नारळाच्या गोड रसात भिजलेल्या. सागोतीला मी रस्सा म्हटलं म्हणून दोघींनी मला वाढायचंच थांबवलं. "सागोती म्हण, मगे मिळात." मी "सागोती" म्हटलं. "अशी न्हय, नाकात म्हण." तेही म्हटलं. चांगलं पोटभर जेवलो. सायबीण टोपी तोंडावर घेऊन चटईवर आडवी झाली आणि टोपीच्या आतूनच पॅरिसच्या पावाबद्दल बोलत राहिली.

माझ्या घड्याळात बाराला पाच कमी होते. हे मला आठवतं, कारण कावळे एकदम गप्प झाले म्हणून मी घड्याळ पाहिलं. माडांच्या सावल्या बुंध्यापाशी गोळा झाल्या होत्या. वारा पडला. इतका लख्ख उजेड होता की पानाच्या टोकावरची मुंगीसुद्धा दिसावी. आणि त्या उजेडात मला उगाचच वाटलं की आपण तिघी नाही, जास्त आहोत. मी मोजलं. तिघीच होतो.

"इलंय गो, इलंय," काकू म्हणाली आणि उठली.

हात धुवायला चालली असेल म्हणून मी बघत राहिले. विहीर डावीकडे होती. ती उजवीकडे गेली, कुंपणाच्या फटीतून बाहेर, खाडीच्या बांधाकडे. तिची चाल रोजची नव्हती. गुडघे दुखतात म्हणून ती डुलत चालते. आता सरळ चालत होती, भराभर.

मी चप्पल न घालता मागे गेले. बांधावर पोचले तेव्हा ती पलीकडच्या बाजूने उतरलेली होती. भरती लागली होती. कांदळाच्या झाडांमधून पाणी आवाज न करता आत येत होतं. काकू घोट्यापर्यंत चिखलात उभी होती, आणि पाहता पाहता तिने अजून एक पाऊल टाकलं.

"काकू!" मी हाक मारली. ती वळली नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. रीतीप्रमाणे तिसरीला तरी तिने ओ द्यायला हवी होती. तिला माझी हाक ऐकूच येत नव्हती. तिचे कान दुसरीकडे लागले होते.

आणि मग मला हाक आली.

तुम्हाला समजावं म्हणून एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या वेळी लग्नात मुलीचं नाव बदलत. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं, की जुनं संपलं. तुम्हाला, तुमच्या बाबांना, शाळेला, बँकेला माझं जे नाव माहीत आहे ते तांदळावरचं. जुन्या नावाने मला हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे माझी आई. ती जाऊन फार वर्षं झाली. या गावात ते नाव कुणाला माहीत नाही. मी कधी सांगितलेलं नाही.

त्या नावाने हाक आली. पाण्याच्या बाजूने, माणूस दहा पावलांवर उभं राहून मारेल इतक्या जवळून. आवाज बाईचा. आईचाच होता असं मी म्हणणार नाही. पण बेळगावच्या आमच्या घरात मागच्या दाराशी उभं राहून जशी हाक मारत, तशी ती होती, शेवटचं अक्षर थोडं लांबवून. भीती वाटली नाही. हेच आज आठवलं की अंगावर काटा येतो. मला खूप बरं वाटलं. घरी जायची वेळ झाली, असं वाटलं. माझी ओ दातांपर्यंत आली होती.

काकू गर्रकन वळली. चिखलातून पाय ओढत बांधावर चढली आणि तिने आपला तळहात माझ्या तोंडावर दाबला. हाताला सागोतीचा वास येत होता.

"गप," ती म्हणाली. "एका हाकेक ओ देव नको."

आम्ही दुसऱ्या हाकेची वाट बघत उभ्या राहिलो. मी पलीकडचा किनारा नीट न्याहाळला. पाण्यावरून आवाज लांबवर येतो, हे मला माहीत आहे. एखादी होडी, कुणी कालवं काढणारी बाई, काहीही असू शकलं असतं. होडी नव्हती. बाई नव्हती. पाणी आणि झाडं, आणि डोळे दिपवणारं ऊन. दुसरी हाक आली नाही.

काकूने हात काढला. मग तिने ते नाव उच्चारलं. माझं बेळगावचं नाव, जे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. "ह्या कोण?" तिने विचारलं.

"मी," मी म्हटलं.

ती खाली बसली. मीही बसले. तिच्या पायांवरचा चिखल वाळायला लागला होता.

"तुला असंच येतं?" मी विचारलं.

"असाच. माझ्या म्हायेरच्या नावान."

"मग मला देऊ नको म्हणालीस आणि तू का देतेस?"

ती नखाने पायावरचा चिखल खरवडायला लागली. "माका त्या नावान आता कोण हाक मारता सांग. नवरो जाईसर नुसता 'आयकलंस?' म्हणा. गिऱ्हायकां काकू म्हणत. चेडू आई म्हणता. तुमीय काकूच म्हणतास. माझा नाव माकाच इसारला होता गो. एक दिवस भांडी घासताना आयकाक इला. तेव्हा मी ओ नको देव?"

"आणि आज पाण्यात कुठे चालली होतीस?"

"ता माका म्हायत नाय," ती म्हणाली. "आजपर्यंत नुसती ओ देय होतंय. पाय पयल्यांदाच गेले." मग माझा हात धरून म्हणाली, "चेडवाक सांगू नको. ती माका न्हेतली. थंय माझ्या नावाचा कायच नाय."

मी कबूल केलं नाही आणि नाकारलंही नाही. आम्ही परतलो तेव्हा सायबीण उठून बसली होती. काकूच्या पायांकडे बघून म्हणाली, "काय गो, कुर्ल्यो पकडूक गेल्लंस?" खेकड्यांनाच गेले होते, असं काकूने सांगितलं. परतीच्या वाटेवर सायबीण एकटीच बोलत होती, घरापर्यंत.

रविवार येईपर्यंत मी नीट झोपले नाही. मुलीला सगळं ठीक आहे म्हणावं, तर उद्या काकू पुन्हा पाण्याकडे गेली की दोष माझा. तिला भास होतात म्हणावं, तर ते खोटं, कारण तो भास मलाही झाला होता आणि माझं नाव तिला ऐकू आलं होतं. आणि माझी स्वतःची एक लबाडीही त्यात होती. मी ऐकलं असं सांगितलं, तर मीही एकटी राहणारी म्हातारी आहे, हे कुणाच्या तरी लक्षात येणार होतं.

फोन आला. मी जे घडलं ते सगळं सांगितलं, माझ्या हाकेसकट.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्हीच असं म्हणालात तर मी आता कुणाला विचारू?"

"मला एक सांग," मी म्हटलं. "आईचं माहेरचं नाव काय?"

तिला सांगता येईना. लहानपणी कधीतरी ऐकलं होतं, म्हणाली, पण आठवत नाही. मग फोनवरच ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. नंतर मी माझं म्हणणं मांडलं: आईला इथेच राहू दे. भर दुपारी ती एकटी राहणार नाही, हे माझ्याकडे लागलं. सायबिणीला तयार करायचं मी बघते. आणि तिला तिच्या नावाने हाक मारणारी जिवंत माणसं असतील.

"जूनपर्यंत," मुलगी म्हणाली. "जूनमध्ये मी येऊन बघणार. आणि मावशी, तुमच्या मुलाला मी हे सांगणार आहे. रागवू नका."

तसं तिने सांगितलं. म्हणून तुमच्याकडे "आजीला आवाज ऐकू येतात" असं पोचलं. जूनमध्ये ती खरंच आली, चार दिवस आमच्याबरोबर जेवली, आईला नावाने हाक मारायला शिकली, आणि एकटीच परत गेली.

त्या रविवारपासून बारा ते दीड माझा फोन लागत नाही. त्या वेळी आम्ही तिघी काकूकडे जेवत असतो. मी फाटकावरून तिला, तिनेच सांगितलेल्या तिच्या माहेरच्या नावाने, तीन हाका मारते आणि ती तिसरीला ओ देते. मग वाढायला घेते, आणि आम्ही बोलतो. कुठल्या गावाला वडे कसे करतात, कुठल्या माशाला कुठे काय म्हणतात, या वर्षी उत्तरेला जावं की दक्षिणेला. सगळं फालतू, आणि भरपूर, आणि मोठमोठ्याने. मध्येच एखाद्या दिवशी काकूच्या हातातला डाव हवेत थांबतो. ती खिडकीकडे बघते. मलाही खिडकीबाहेर, परसातल्या विहिरीच्या बाजूला, काहीतरी आल्यासारखं वाटतं. काकू ओठ मिटून घेते. मग डाव खाली येतो आणि आमटी पानात पडते.

सायबिणीला काही ऐकू येतं का, हे मी तिला विचारलेलं नाही. तिनेही मला कधी काही विचारलं नाही. पण गेल्या महिन्यापासून माझ्या ध्यानात येतं आहे की स्वित्झर्लंडचा बर्फ सांगता सांगता ती एकदम आवाज चढवते, टेबलावर हात आपटते, हसते. आणि काकूचा डाव थांबतो तो दर वेळी त्याच्यानंतर, आधी कधीच नाही.